दोन बोटं, तीन दावेदार

मंगल कार्यालयाची वेबसाइट फोनवर उघडली की वर हॉलचे फोटो, खाली भाड्याचा तपशील आणि मधोमध गूगल मॅप्सचा चौकोन, अशी मांडणी हमखास दिसते. पान वर सारताना अंगठा नेमका त्या चौकोनावर पडतो. पान सरकतं, पण नकाशा क्षणभर करडा होतो आणि त्यावर सूचना उमटते: नकाशा हलवण्यासाठी दोन बोटं वापरा.

बहुतेक जण ती वाचतही नाहीत. पण ही सूचना म्हणजे मोबाइल वेबवरच्या एका जुन्या तंट्यातली तडजोड आहे. एक बोट पानाचं, दोन बोटं नकाशाची, अशी ही वाटणी. ती नसताना अंगठा नकाशात अडकायचा. पान जागचं हलायचं नाही आणि पुण्यातलं कार्यालय शोधणारा माणूस बघता बघता साताऱ्याला पोहोचायचा.

काचेवर टेकलेल्या प्रत्येक बोटावर तिघं जण हक्क सांगतात. पहिली फोनची ऑपरेटिंग सिस्टीम. ती बोटावरून ‘मागे जा’, ‘स्क्रीनशॉट घे’ असे अर्थ काढते. दुसरा ब्राउझर. त्याला पान स्क्रोल करायचं असतं, झूम करायचं असतं. तिसरं खुद्द वेबपान, म्हणजे त्यातला नकाशा, चित्रफलक किंवा खेळ. मल्टिटच म्हणजे बोटं मोजण्याचं तंत्र, असा समज असतो. मोजणी फोन आपसूक करून देतो. वेब डेव्हलपरच्या वाट्याला येते ती ताब्याची भानगड: कोणतं बोट कुणाचं, आणि कधीपर्यंत.

काचेला बोट कसं कळतं

फोनच्या काचेखाली पारदर्शक वाहकाच्या उभ्या-आडव्या रेषांची जाळी असते. दोन रेषा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे अगदी थोडी विद्युतधारिता असते. बोट जवळ आलं की ते थोडा विद्युतभार स्वतःकडे खेचतं आणि त्या छेदबिंदूवरची धारिता घटते. कंट्रोलर चिप आडव्या रेषांना आळीपाळीने संकेत देते, उभ्या रेषांवर त्याचं मोजमाप घेते आणि सेकंदात अनेक वेळा सगळ्या जाळीचा आढावा पूर्ण करते.

प्रत्येक छेदबिंदू वेगळा मोजला जातो, हे इथे महत्त्वाचं. नुसत्या रेषा मोजल्या तर एका बोटापुरतं भागतं. दोन बोटं टेकली की दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा ‘बोट आलं’ म्हणतात, आणि त्यांचे छेद होतात चार. त्यातले दोन खरे, दोन भुताचे. २०१०च्या सुमाराच्या काही अँड्रॉइड फोनवर हा गोंधळ उघड दिसे. दोन बोटं एकमेकांना ओलांडून गेली की फोन त्यांची अदलाबदल करून टाकायचा.

कल्पना मात्र बरीच जुनी. टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी १९८२मध्ये एक फलक तयार केला. दुधी काचेमागे कॅमेरा होता आणि काचेवर टेकलेली बोटं त्याला काळ्या ठिपक्यांसारखी दिसत. त्याच विद्यापीठात १९८५मध्ये एस. के. ली, विल्यम बक्स्टन आणि के. सी. स्मिथ यांनी धारितेवर चालणारी मल्टिटच पाटी मांडली. पुढे अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात वेन वेस्टरमन यांनी हाच विषय पीएचडीसाठी घेतला. टायपिंगमुळे त्यांचे हात दुखत आणि त्यांना हलक्या स्पर्शाने चालणारा कीबोर्ड हवा होता. जॉन इलायस यांच्यासोबत त्यांनी फिंगरवर्क्स ही कंपनी काढली. ॲपलने ती २००५मध्ये विकत घेतली. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन दाखवला, तेव्हा दोन बोटांनी फोटो मोठा करण्याचं प्रात्यक्षिक जगभर गाजलं.

माऊसच्या जगात बोटं

आयफोन बाजारात येण्याच्या तोंडावर, जून २००७मध्ये जॉब्ज यांनी डेव्हलपरांना सांगितलं की ॲप करायचं असेल तर वेबवर करा, सफारीत चालेल असं. बाहेरच्यांसाठी दुसरा अधिकृत मार्ग तेव्हा नव्हताच. गंमत अशी की मल्टिटचसाठी नावाजलेल्या त्या फोनमधल्या वेबपानांना दोन बोटं दिसतच नव्हती. झूम ब्राउझर परस्पर करायचा. पानाला कळायचं ते इतकंच, की इथे माऊसने क्लिक झालं. माऊस कुठेच नव्हता. सफारी माऊसचं सोंग वठवत होती.

या सोंगाला कारण होतं. तोवरचं सगळं वेब एका बाणासाठी लिहिलेलं होतं. पानं डेस्कटॉपच्या रुंदीची, म्हणून सफारी पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं गृहीत धरून ते ३२० पिक्सेलच्या पडद्यात कोंबायची. अक्षरं वाचण्यासाठी दोनदा टॅप करून झूम करायचं. पण पहिला टॅप झाला की दुसरा येणार आहे की नाही, हे ब्राउझरला कसं कळणार? त्यावर उपाय एकच, वाट पाहणं. साधारण ३०० मिलिसेकंद थांबायचं, दुसरा टॅप आला नाही तर मग क्लिक पाठवायचा.

सेकंदाचा तिसरा भाग ऐकायला किरकोळ वाटतो, पण कॅल्क्युलेटरवर भराभर आकडे दाबणाऱ्याला लगेच खुपतो. वेब ॲप नेटिव्ह ॲपपेक्षा मठ्ठ का वाटतात, याचं बरंचसं उत्तर या थांबण्यात होतं. फायनान्शियल टाइम्स या दैनिकाच्या एफटी लॅब्जने त्यावर ‘फास्टक्लिक’ नावाची लायब्ररी काढली आणि ती कित्येक वर्षं हजारो वेबसाइटांत चिकटवली गेली. पान फोनच्या रुंदीचंच आहे असं पानाने जाहीर केलं असेल तर थांबण्याचं कारण नाही, हे क्रोमने २०१४मध्ये आणि सफारीने २०१६मध्ये मान्य केलं, तेव्हा कुठे तो विलंब गेला.

पानांना खरी बोटं दिसू लागली ती २००८मध्ये, आयफोनच्या दुसऱ्या आवृत्तीच्या सॉफ्टवेअरबरोबर. टचस्टार्ट, टचमूव्ह, टचएंड आणि टचकॅन्सल असे चार इव्हेंट मिळाले: बोट टेकलं, सरकलं, उचललं, आणि बोट आता तुमचं राहिलं नाही. या चौथ्याकडे तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

ब्राउझरमधली पेटी

ब्राउझरमध्ये वाजणारी पेटी बनवायला घेतली की या चार इव्हेंटांचा कस लागतो. माऊसने अशा पेटीवर एका वेळी एकच स्वर वाजतो. फोनवर सा, ग, प एकदम दाबता आले पाहिजेत आणि ज्या पट्टीवरचं बोट उचललं तोच स्वर थांबला पाहिजे.

प्रत्येक टच इव्हेंटसोबत ब्राउझर तीन याद्या देतो. पहिलीत काचेवर या घडीला असलेली सगळी बोटं, दुसरीत याच पट्टीवर टेकलेली बोटं आणि तिसरीत ज्यांच्यामुळे हा इव्हेंट आला ती बोटं. नवखा डेव्हलपर बहुधा पहिलीच यादी धरतो आणि तिथेच फसतो. बोट उचलल्याचा इव्हेंट येतो तेव्हा उचललेलं बोट पहिल्या यादीत नसतं, कारण ते काचेवर नसतंच. ते फक्त तिसऱ्या यादीत सापडतं.

दुसरा खड्डा क्रमाचा. सा आधी दाबला, ग नंतर. यादीत सा पहिला, ग दुसरा. मग सा सोडला की ग आपोआप पहिल्या जागी सरकतो. ‘यादीतलं पहिलं बोट म्हणजे सा’ असं गृहीत धरलेला कोड आता भलताच स्वर बंद करतो. म्हणून प्रत्येक बोटाला ब्राउझर एक ओळखक्रमांक देतो आणि ते बोट उचलेपर्यंत तो बदलत नाही. पेटीने आपल्या वहीत नोंद ठेवायची: अमुक क्रमांक, अमुक स्वर. हे क्रमांक कसे असतील यावरही विसंबता येत नाही. क्रोम शून्यापासून सुरुवात करून मोकळे झालेले क्रमांक पुन्हा वापरतो, तर सफारीने लांबलचक, विचित्र वाटणारे आकडे दिलेले आहेत.

तिसरा खड्डा सगळ्यात त्रासाचा. तीन बोटं पट्ट्यांवर असताना पडदाभर फोनकॉल उगवतो. बोटं ऑपरेटिंग सिस्टीमने काढून घेतलेली असतात, म्हणून टचएंड येत नाही, टचकॅन्सल येतो. तो ऐकण्याची सोय कोडमध्ये केली नसेल तर पेटीच्या दृष्टीने बोटं अजून पट्टीवरच आहेत. कॉल संपवून माणूस परत येतो आणि सा वाजतच असतो, पान बंद करेपर्यंत. चित्रफलकावर याच चुकीमुळे रेघ अर्धवट लटकते, खेळात गाडी आपोआप डावीकडे वळत राहते.

चौथी गोष्ट चूक नाही, मुद्दाम केलेली रचना आहे. बोट सा वर टेकलं आणि न उचलता रे वर सरकलं, तरी इव्हेंट सा कडेच येत राहतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसं बोट टेकताक्षणी ती पट्टी ते बोट धरून ठेवते. स्लायडर ओढताना हे फार सोयीचं असतं, कारण बोट जरासं खालीवर गेलं तरी स्लायडर सुटत नाही. पेटीला मात्र आपणहून विचारावं लागतं, की या बिंदूखाली आत्ता कोणती पट्टी आहे, आणि त्याप्रमाणे स्वर बदलावा लागतो.

झूमचं गणित

दोन बोटं फाकवून चित्र मोठं करण्यामागचं गणित शाळेतलंच आहे. एक बोट (१००, ३००) या बिंदूवर आणि दुसरं (२२०, ४६०) वर टेकलं असं समजा. आडवा फरक १२०, उभा फरक १६०. पायथागोरसच्या नियमाने अंतर २००. बोटं फाकून (७०, २६०) आणि (२५०, ५००) वर गेली, तर फरक १८० आणि २४०, अंतर ३००. तीनशे भागिले दोनशे, म्हणजे चित्र दीडपट. दोन्ही बोटांना जोडणाऱ्या रेषेचा कोन बदलला असता तर चित्र तेवढं फिरवायचं. इथे तो बदललेला नाही.

आता चित्र कोणत्या बिंदूभोवती वाढवायचं? कोपऱ्यापासून वाढवलं तर बोटांखालचा तपशील निसटून जातो. म्हणून दोन बोटांचा मध्य घ्यायचा. वरच्या उदाहरणात तो आधीही (१६०, ३८०) आणि नंतरही तोच. मध्य सरकला असता तर झूमसोबत चित्रही तेवढं सरकवायचं.

इतकं बरोबर लिहूनही एक झटका राहतो. झूम संपताना दोन्ही बोटं एकाच क्षणी उचलली जात नाहीत. एक आधी सुटतं, दुसरं काही मिलिसेकंद मागे राहतं. तेवढ्या वेळात ‘मध्य’ म्हणजे उरलेलं एक बोट, असा हिशेब होतो आणि चित्र एकदम त्या दिशेला उडी मारतं. यावरचा इलाज म्हणजे बोटांची संख्या बदलली की जुना हिशेब मिटवायचा आणि त्या क्षणाची स्थिती नवा आरंभ म्हणून धरायची.

दोन कायदे, एक काच

ॲपलची टच इव्हेंटांची रीत इतर ब्राउझरांनी उचलली आणि वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिचं मानक करायला घेतलं. त्यात ॲपलने आपली काही पेटंटं या मानकाशी संबंधित असल्याचं कळवलं आणि पेटंट सल्लागार गट नेमण्याची वेळ आली. ‘टच इव्हेंट्स’ला अधिकृत शिफारस म्हणून मान्यता मिळाली ती ऑक्टोबर २०१३मध्ये.

तोवर मायक्रोसॉफ्टने वेगळी चूल मांडली होती. विंडोज ८मध्ये माऊस, पेन आणि बोट तिन्ही चालणार होतं. तिघांसाठी तीन प्रकारचा कोड लिहायचा, हे त्यांना पटलं नाही. २०१२च्या इंटरनेट एक्सप्लोरर १०मध्ये त्यांनी ‘पॉइंटर’ ही एकच संकल्पना आणली. प्रत्येक बोटाचे इव्हेंट स्वतंत्र येतात आणि प्रत्येकावर क्रमांक, साधनाचा प्रकार आणि दाब लिहिलेला असतो. तीन याद्यांची कटकट गेली, पण काचेवर एकूण किती बोटं आहेत याची वही आता पानालाच ठेवावी लागते. हे मानक फेब्रुवारी २०१५मध्ये मंजूर झालं. क्रोमच्या चमूने २०१४मध्ये ते घेणार नाही असं सांगितलं, पुढच्याच वर्षी विचार बदलला आणि २०१६च्या अखेरीस घेतलं. फायरफॉक्सने २०१८मध्ये आणि सफारीने २०१९मध्ये तीच वाट धरली. आज नवा प्रकल्प सुरू करणारा डेव्हलपर बहुधा पॉइंटर इव्हेंट वापरतो. जुन्या साइटांत टच इव्हेंट अजून सुखाने नांदतात.

स्क्रोल कुणाचा

ताब्याचा खरा सामना स्क्रोलवर होतो. टचस्टार्ट आल्यावर पान ‘थांब, हे बोट माझं’ असं ब्राउझरला सांगू शकतं. त्यामुळे पानाचं उत्तर येईपर्यंत ब्राउझरला स्क्रोल रोखून धरावा लागे. साठ हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्रचौकट सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. पान जाहिराती आणि मोजदादीच्या स्क्रिप्टांत गुंतलेलं असेल तर उत्तराला शंभर-दोनशे मिलिसेकंदही लागत. माणूस बोट सारतो आणि पान ढिम्म. गंमत म्हणजे यातल्या बहुतेक स्क्रिप्टांना बोट नकोच असायचं. त्या नुसत्या बघत होत्या.

म्हणून २०१६मध्ये क्रोमने ‘पॅसिव्ह’ श्रोता आणला: मी फक्त ऐकतो, अडवणार नाही, असं आधीच लिहून द्यायचं. २०१७च्या सुरुवातीला क्रोमने पुढचं पाऊल टाकलं. संपूर्ण पानावर लावलेले टच श्रोते न सांगताही पॅसिव्ह धरले जाऊ लागले. स्क्रोल सुळसुळीत झाला, पण काही नकाशे आणि खेळ मोडले. त्यांचं ‘थांब’ आता कुणी ऐकत नव्हतं.

टिकाऊ तोडगा निघाला तो सीएसएसमधल्या ‘टच-ॲक्शन’ या एका ओळीतून. बोट टेकण्याआधीच वाटणी जाहीर करायची. ‘नन’ लिहिलं तर सगळी बोटं पानाची. पेटीला हेच हवं. ‘पॅन-वाय’ लिहिलं तर उभा स्क्रोल ब्राउझरचा आणि आडवी हालचाल पानाची. फोटोंच्या आडव्या पट्टीला हे शोभतं. ‘मॅनिप्युलेशन’ म्हणजे स्क्रोल आणि दोन बोटांचा झूम ब्राउझर करेल, दोनदा टॅप करून होणारा झूम मात्र बंद. नियम टेकण्याच्या क्षणी पाहिला जातो. बोट काचेवर असताना बदलून उपयोग नाही. आपल्या हिश्शाची हालचाल ओळखताच ब्राउझर पानाला पॉइंटरकॅन्सल, म्हणजे टचकॅन्सलचाच पॉइंटर अवतार, पाठवतो आणि बोट घेऊन जातो.

पहिल्या दावेदारापुढे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमपुढे, मात्र ही ओळ चालत नाही. २०१९च्या अँड्रॉइड १०पासून पडद्याच्या डाव्या-उजव्या कडेवरून बोट आत सारलं की ‘मागे’ जाता येतं. डावीकडून ओढून उघडणारे मेन्यू तेव्हापासून वेबवर बेभरवशाचे झाले. भारतात खपणाऱ्या अनेक फोनवर तीन बोटं खाली ओढली की स्क्रीनशॉट निघतो. तीन बोटांनी खेळायचा वेब-खेळ अशा फोनवर अधूनमधून तुटतो. आयपॅडची तऱ्हा आणखी वेगळी. २०१९पासून त्याचा ब्राउझर स्वतःची ओळख मॅक अशी करून देतो. अशा वेळी डेव्हलपर ‘एका वेळी किती स्पर्श ओळखतोस’ असं विचारतात. मॅक शून्य सांगतो, आयपॅड पाच. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये फोनचं दृश्य लावून शिफ्ट दाबून माऊस ओढला की दोन बोटांच्या झूमचं नाटक करता येतं, पण त्यात ना फोनकॉल येतो, ना कडेवरून मागे जाणं. म्हणून खरी चाचणी हातातल्या फोनवरच होते.

ज्यांना दोन बोटं जमत नाहीत

या सगळ्या दावेदारांत बोट ज्याचं आहे तो माणूस बराच काळ बाजूलाच राहिला होता. आपली मांडणी बिघडू नये म्हणून कित्येक वेबसाइटांनी दोन बोटांचा झूम चक्क बंद केला होता. बारीक अक्षर न दिसणाऱ्याची त्यात पंचाईत. २०१६मध्ये आयओएस १०च्या सफारीने ही बंदी जुमानायची नाही असं ठरवलं आणि झूमचा ताबा वाचणाऱ्याकडे परत दिला.

दुसरी बाजू हाताची. हात थरथरतो, एकाच हाताने किंवा तोंडात धरलेल्या काडीने फोन चालवावा लागतो, अशांना दोन बोटांची हालचाल जमत नाही. डब्ल्यूथ्रीसीच्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांची २.१ ही आवृत्ती जून २०१८मध्ये आली. तिच्या सर्वांत मूलभूत पातळीवरच असा नियम आहे की जे काम दोन बोटांनी किंवा ठरावीक वळणाच्या हालचालीने होतं, ते एका साध्या टॅपनेही झालं पाहिजे. झूम करता येणाऱ्या नकाशाला अधिक-उण्याची बटणं लागतात ती यामुळेच. ऑक्टोबर २०२३च्या २.२ आवृत्तीने याबाबत आणखी दोन अटी घातल्या. बटण निदान २४ बाय २४ पिक्सेलचं हवं किंवा शेजारच्या बटणापासून पुरेसं लांब हवं. आणि ओढून करायच्या कामाला न ओढता करण्याचा पर्याय हवा: यादीचा क्रम ओढून बदलता येत असेल तर ‘वर’, ‘खाली’ अशी बटणंही द्यायची. जिथे ओढण्याशिवाय काम होऊच शकत नाही, अशा गोष्टींना तेवढी सूट आहे.